झिजलेल्या जात्याचे मोल

प्रत्येक घरात एखादी वस्तू अशी असते की बाजारात तिला कवडी येत नाही आणि घरातून ती बाहेर टाकवतही नाही. कुणाकडे कड उडालेला पोळपाट असतो, कुणाकडे ठिगळांना ठिगळे लावलेली गोधडी असते, कुणाकडे अडकित्ता असतो आणि सुपारी खाणारा मात्र कधीच निघून गेलेला असतो. अशा वस्तूवर जीव का जडतो, आणि जडतो तो नेमका कुणाचा, हा आमचा आजचा प्रश्न आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा कुणी वळत नाही. आम्हीही वळलो नव्हतो. आमच्या घरातल्याच एका माणसाने तो आमच्यापुढे टाकला, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुकुटबनचे आमचे जुने घर पाडून नवे बांधावयाचे ठरले, तेव्हा मागच्या ओसरीवरचे जाते उचलावे लागले. भंगारवाला भांडी घेऊन गेला, लोखंड घेऊन गेला, जात्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. मिस्त्री म्हणाला, पायात टाकून देऊ, भर होईल. ते ऐकताच आम्हा शिकल्यासवरल्या मंडळींचा जीव कळवळला. ज्या जात्यावर आजीने दळले, काकूने दळले, ते पायात गाडावयाचे? एकमताने ठरले की नव्या घराच्या बैठकीत, दारातून आत येताच दिसेल असे, ते मांडून ठेवावे. वर पितळी घागर, तिच्यात चार कणसे. एका भाच्याने तर त्यावर प्रकाश कुठून पडावा याचाही विचार केला होता.

थोरली काकू त्या वेळी बाजेवर बसून सारे ऐकत होती. ती आता नव्वदीला टेकली आहे. ती एवढेच म्हणाली, "तुमाले त्याची आठवन येते, बापा. मले त्याचं वझं आठवते. मायासमोर नोका ठेवू."

आमची तोंडे बंद झाली. आणि मग आमच्या ध्यानात आले की, ज्या वस्तूविषयी आम्ही इतके हळवे होत होतो, तिला आम्ही पुरुषांनी उभ्या आयुष्यात कामासाठी हातही लावलेला नव्हता.

तेव्हा आधी ते जाते काय होते हे सांगणे भाग आहे. कारण आजच्या तरुण श्रोत्यांपैकी बहुतेकांनी जाते लग्नाच्या हळदीला किंवा चित्रातच पाहिले असेल. दोन वाटोळे दगड, एकावर एक. खालचा पक्का बसवलेला आणि त्याच्या मध्यावर एक खुंटी. वरचा दगड तिच्याभोवती फिरतो. त्याला मध्ये तोंड असते, त्यातून मुठीमुठीने धान्य वैरायचे. आणि कडेला लाकडाचा उभा खुंटा असतो, तो धरून ओढायचे. धान्य मध्यातून कडेकडे सरकत जाते, जाताना फुटते, मग भरडते, मग त्याचे पीठ होते आणि चहूकडून झरते. विद्वत्तेचा लवलेश नसलेले, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने घडलेले हे यंत्र आहे. वरच्या दगडाला वजन हवे, नाहीतर पीठ जाडे पडते. पण ते वजन एका बाईला ओढवेल इतकेच हवे. या दोन गोष्टींचा मेळ घालणे हेच जाते घडवणाऱ्याचे कसब.

दगडाचीही एक गंमत आहे. आमच्या मुकुटबनच्या आसपास जमिनीखाली चुनखडी आहे, वणीच्या पट्ट्यात कोळसा आहे; दोन्हींवर मोठे उद्योग उभे राहिले. पण या चुनखडीचे जाते होत नाही. तो दगड मऊ. भाकरीत धान्याबरोबर चुनाच यावयाचा. जात्याला लागतो तो काळा दगड, ज्याला भूगर्भशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात आणि ज्याने महाराष्ट्राचे बहुतेक पठार व्यापले आहे. या दगडात बारीक बारीक छिद्रे असली की तो जात्यास उत्तम. कारण वरचा थर झिजला तरी खालच्या छिद्रांच्या कडा नव्याने उघड्या पडतात आणि धार राहते. हे ज्ञान जगभर आहे. जर्मनीत मायेन नावाच्या गावाजवळच्या अशाच ज्वालामुखीच्या दगडाची जाती रोमन काळात दूरदूरच्या प्रांतांत जात असत. आमच्या गावात जाते आले ते कुठल्या खाणीतले हे आता कुणालाच सांगता येत नाही. ते आजीच्या आधीपासून घरात होते, एवढेच ठाऊक.

धार राहते म्हटले, पण ती किती दिवस? रोजच्या दळणाने दगड गुळगुळीत होतो. मग टाकीवाला येई. छिन्नी आणि हातोडी घेऊन तो अंगणात बसे आणि दोन्ही दगडांच्या तोंडांवर बारीक टिचे मारी. या टिचण्यालाच टाकी लावणे म्हणतात. टाकी लावल्यावरचे पहिले दळण माणसांना घालायचे नाही. त्यात कच येते, ते जनावरांपुढे जाई. मग काही महिने जाते चांगले चाले. परंतु प्रत्येक टाकीला दगडाचा एक पापुद्रा जाई. वर्षे लोटली की वरचा दगड पातळ होई, हलका होई, आणि हलका झाला की ज्वारीचे पीठ पूर्वीसारखे पडेना. अशा जात्याला मग कुणी फेकत नसे. त्याची नेमणूक बदले. पिठाचे जाते भरडण्याचे होई. त्यावर तुरीची डाळ करायची, कण्या काढायच्या. तेही जमेना, तर खालचा दगड तुळशीजवळ, वरचा न्हाणीत पाय घासायला. सरकारी नोकरालासुद्धा इतक्या टप्प्यांनी निवृत्ती मिळत नाही.

आमचे जाते डाळीच्या टप्प्यावर येऊन थांबले होते. वरच्या दगडाची कड एका बाजूला कमी जाड आहे, म्हणजे तो सारखा झिजलेला नाही. आम्ही काकूला कारण विचारले. ती म्हणाली, सासू डाव्या हाताची होती. दोघी समोरासमोर बसत आणि ओढ एकीकडे जास्त पडे. हे खरेच कारण असेल की दगडच एका बाजूला मऊ असेल, ते सांगता येणार नाही. पण काकूच्या हाताला ते कारण पटलेले आहे, आणि या बाबतीत तिच्या हाताहून मोठा साक्षीदार आम्हांला मिळणार नाही.

एक प्रश्न मात्र आम्हांला फार दिवस छळीत होता. जात्याचा जो दगड झिजला, तो गेला कुठे? टाकीचा भुगा अंगणात पडला हे खरे. पण उरलेला, रोजच्या फेऱ्यांनी घासला गेलेला? तो पिठात गेला. पीठ भाकरीत गेले आणि भाकरी आमच्या पोटात. ही कल्पना आमच्या मनाची नव्हे. प्राचीन इजिप्तच्या लोकांचे दात, राजघराण्यातल्यांचेसुद्धा, फार झिजलेले आढळतात. आणि दळण्याच्या दगडाची कच व वाळवंटाची रेती भाकरीत मिसळे, हे त्याचे एक कारण अभ्यासक देतात. तेव्हा आमच्या घरातील तीन पिढ्यांनी ते जाते थोडे थोडे खाल्लेले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण दगडाच्या झिजेची ही एक बाजू झाली. दगड माणसाने झिजवला, तसा माणूसही दगडाने झिजला. सीरियामध्ये युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा नावाचे नवाश्मयुगीन गाव होते. धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी, 1972-73 साली, ते घाईघाईने उत्खनन करून तपासले गेले. तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास लंडनच्या थिया मॉलेसन यांनी केला. पायाच्या अंगठ्यांचे सांधे, गुडघे आणि कंबरेचे मणके एका विशिष्ट रीतीने बिघडलेले त्यांना दिसले, आणि असे सांगाडे मुख्यत्वे स्त्रियांचे होते. गुडघे टेकून, पायाची बोटे मुडपून, पुढे-मागे झुकत तासन्‌तास दगडावर धान्य रगडल्याची ती खूण होती. त्या वेळी फिरते जाते नव्हते. पाट्यासारखा एक दगड आणि वर रगडायचा दुसरा, एवढेच साधन होते. आपल्या पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतही असे रगडण्याचे दगड सापडले आहेत. पुढे 2017 साली केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातील प्राचीन शेतकरी स्त्रियांच्या दंडाची हाडे आजच्या स्त्रियांशी ताडून पाहिली. नवाश्मयुगातील त्या बायांच्या दंडाचे हाड आजच्या नावाजलेल्या वल्हेकरी खेळाडू स्त्रियांपेक्षाही 11 ते 16 टक्क्यांनी बळकट निघाले. आणि त्याचे एक संभाव्य कारण म्हणून त्यांनी दळणकांडणाकडेच बोट दाखविले. त्या बायांना पदक कुणी दिले नाही, हे वेगळे सांगावयास नको.

काकूचे म्हणणे आम्ही या सगळ्याच्या शेजारी ठेवून पाहिले. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात दहा-बारा खाणारी तोंडे होती. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी उठून दीड-दोन तास दळण. त्यानंतर पाणी, सारवण, भाकरी, आणि मग शेत. तिन्ही बाळंतपणांत सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत तिने जाते ओढले. उजवा खांदा तिला आजही वर करता येत नाही. गावात इंजिनावर चालणारी चक्की आली तेव्हा जुन्या मंडळींनी नाक मुरडले: चक्कीचे पीठ जळते, त्याला चव नाही, बायका आळशी होतील. हे म्हणणाऱ्यांत दळणारे कुणी नव्हते. काकू सांगते, पहिल्या दिवशी ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन चक्कीवर गेले आणि अर्ध्या घटकेत गरम पीठ हाती आले, तेव्हा मला रडू आले. जात्याची आठवण येऊन नव्हे. इतकी वर्षे हे कुणी का आणले नाही, म्हणून.

"जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात" ही म्हण आपण सगळेच वापरतो. तिच्यात दाणे आहेत, सूप आहे, जाते आहे. दळणारी मात्र नाही.

इथे कुणी म्हणेल, मग ओव्यांचे काय? जात्याने मराठीला जे दिले ते थोडे का आहे? थोडे मुळीच नाही. साने गुरुजींनी "स्त्रीजीवन" मध्ये या ओव्या गोळा केल्या. गी प्वात्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. अशा संग्रहाला जगात जोड सापडणे कठीण. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. त्या घरोटावर अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींनी गाणे रचले, आणि 1952 साली त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून दाखविले जाणारे जाते आहे. वारकरी त्याला हात लावून एक फेरा देतात. पण जनाबाईच्या कथेचा अर्थ नीट पाहा. देव तिच्याकडे येतो तो काय करायला? दळू लागायला. दळण हे सुखाचे काम असते, तर देवाला हातभार लावायला यावे लागले नसते.

काकूलाही ओव्या येत. किती, हे तिलाच माहीत नाही. बसल्या जागी विचारले तर तिला एकही आठवत नाही. खुंट्याला हात गेल्याशिवाय त्या येत नाहीत, असे ती म्हणते. सासूशी दिवसभर तोंड वर करून बोलायची चाल नव्हती. पण जात्यापाशी दोघी समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि अंधार. तिथे सून माहेरची आठवण ओवीत घाली आणि सासू ऐकून घेई. कधी सासूही आपल्या माहेरचे गाई. तेवढे दीड-दोन तास त्या दोघी सासू-सुना नसत, असे काकू म्हणाली. आम्ही लहानपणी पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या तो सूर ऐकला आहे. आमच्यासाठी जाते म्हणजे तो सूर आणि पांघरुणाची ऊब. तिच्यासाठी जाते म्हणजे तो सूर आणि खांदा. वस्तू एकच, पण आठवण कोण कुठे बसले होते त्यावर ठरते.

आता मोलाचे पाहू. अर्थशास्त्रात एक नमुनेदार प्रयोग आहे. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या अर्ध्या गटाला साधे चहा-कॉफीचे मग दिले आणि मग विकत द्याल का असे विचारले. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, मग ज्यांच्या हाती होता त्यांनी मागितलेली किंमत घेऊ पाहणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून अधिक निघाली. मग हाती येऊन काही मिनिटेच झाली होती! मिनिटांची मालकी इतके करते, तर तीन पिढ्यांची काय करील? परंतु या हिशेबाने आमच्या जात्याचे कोडे सुटत नाही. मालक आम्ही होतो. वापर काकूचा होता.

याहून जवळची गोष्ट काका कालेलकरांनी सांगितली आहे. 1915 साली मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन होते. गांधीजी काहीतरी शोधीत होते, बेचैन होते. विचारले तर म्हणाले, पेन्सिल. कालेलकरांनी आपली दिली, ती त्यांनी घेतली नाही. त्यांना तीच हवी होती. मद्रासला नटेसनांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेली. शेवटी सापडली, ती लिहून लिहून जेमतेम दोन इंचांची उरलेली होती. तिथे वस्तूचे मोल देणाऱ्याकडून आले होते. पण लक्षात घ्या, गांधीजी ती पेन्सिल काचेत ठेवून बसले नव्हते. ती लिहिण्यासाठीच हवी होती, आणि ती आणखी झिजणारच होती.

कायद्यालाही घरातल्या वस्तूंचे निराळेपण कळते, असे म्हणता येईल. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमाने कर्जदाराची स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण जप्तीतून वगळले आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कर्ज आणि कापूस हे शब्द एका श्वासात उच्चारले जातात. तिथे हे कलम नुसते पुस्तकातले नाही. याहून कितीतरी प्राचीन अशा बायबलच्या जुन्या करारात तर थेट जात्याचाच उल्लेख आहे: जाते किंवा त्याचा वरचा दगड कुणी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय, अशी तिथे आज्ञा आहे. नुसता वरचा दगड नेला तरी घर उपाशी राहते, हे त्या स्मृतिकाराला ठाऊक होते. मात्र ही दोन्ही संरक्षणे गरजेला आहेत, प्रेमाला नाहीत. गरज संपली की कायदा त्या वस्तूकडे पाहत नाही. आणि आमचा प्रश्न तर गरज संपल्यावरच सुरू होतो.

गरज संपलेल्या वस्तू जपाव्यात कशा, याचे एक थोर उत्तर पुण्यात आहे. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास दिवे, अडकित्ते, भांडी, दारे असल्या घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि 1975 साली तो प्रचंड संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. एका बापाचे दुःख हजारो अनोळखी घरांच्या वस्तूंत वाटले गेले. त्या दालनांतून हिंडताना आम्हांला नेहमी भरून येते. तरीसुद्धा काचेमागच्या अडकित्त्याकडे पाहून तो कुणाच्या हातात होता हे कळत नाही. संग्रहालय वस्तू वाचवते. हात वाचवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. बैठकीत घागर ठेवून आम्ही जे करू पाहत होतो, ते तर संग्रहालयही नव्हते. ती निव्वळ आरास होती. दुसरीच्या खांद्यावर उभी केलेली.

हे सारे आम्ही काकूपुढे अर्थातच बोललो नाही. तिला इतकेच विचारले, मग जात्याचे करायचे काय? तिने थोडा वेळ विचार केला. म्हणाली, "दगड तुळशीपाशी ठेवा. खुंटा मले द्या."

आम्ही चकित झालो. दगड मूळचा, खुंटा मात्र तिच्याच हयातीत दोनदा बदललेला. हा तिसरा, बाभळीचा. आमच्या हिशेबाने जुनेपणाचे सारे मोल दगडात होते. पण खुंटा हातात घेऊन पाहिल्यावर उमगले. तो वरच्या टोकाला काचेसारखा गुळगुळीत झाला आहे आणि मध्ये दोन ठिकाणी किंचित बसला आहे. एक खळगा वर, एक खाली. वरचा सासूच्या हाताचा, खालचा तिचा. काकूने तो पदराने पुसला आणि आपल्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिला.

नवे घर झाले. ते सिमेंटचे आहे. गावाला आता सिमेंटचा मोठा कारखाना आहे. चुनखडी दळायची, सुमारे 1450 अंशांवर भाजायची आणि पुन्हा दळायची, असे ते काम रात्रंदिवस चालते. मुकुटबन अजून दळणच दळते आहे, फक्त पहाट झाली तरी ते थांबत नाही. शेतात ज्वारी उरली नाही. कापूस, तूर आणि सोयाबीन. पीठ डब्यातून येते. जात्याचे दोन्ही दगड तुळशीपाशी उन्हापावसात पडून होते.

मागच्या वैशाखात काकूच्या नातीचे लग्न निघाले. हळद फोडायला जाते हवे. मांडवाच्या माणसाने विचारले, भाड्याने आणू काय; शहरात हल्ली लग्नासाठी रंगवलेले छोटे जाते मिळते. काकूने नको म्हटले. आम्ही दोघातिघांनी मिळून तुळशीपासचे दगड उचलून आणले, धुतले, एकावर एक बसवले. आमच्या पाठी तेवढ्यानेच धरल्या. मग काकूने पेटी उघडायला लावली. खुंटा इतक्या वर्षांत वाळून आक्रसला होता. भोकात सैल बसू लागला. तिने लुगड्याच्या काठाची एक चिंधी मागवली, खुंट्याच्या बुडाला गुंडाळली, वरून दगडाने दोन ठोके दिले आणि हलवून पाहिला. पाच सवाष्णींनी आंब्याची पाने बांधलेल्या खुंट्याला हात लावले. नातीला काकूने समोर बसवले आणि म्हणाली, "वर धर. तिथं माया सासूचा हात असे."